हँडगनने रानडुकराची शिकार: गोळीचं वजन आणि वेग निवडताना या चुका टाळा

माझा भाचा मूळचा फैजपूरचा. सध्या नोकरीनिमित्त टेक्सासात असतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, इथल्या एका शेतकऱ्याने रानडुकरं मारायला बोलावलंय. माझ्याकडे .३५७ मॅग्नमचं चार इंची रिव्हॉल्व्हर आहे. १२५ ग्रेनची गोळी घेऊ की १५८ ची? दुकानदार म्हणतो हलकी घे, तिची ताकद जास्त."

मी पंचवीस वर्षं नेमबाजी करतोय, माझ्याकडे परवाना आहे, पण शिकार कधी केलेली नाही आणि आपल्याकडे ती करताही येत नाही. तरी हा प्रश्न गोळीच्या गणिताचा होता, म्हणून फोनवरच त्याच्यासोबत तो नीट सोडवला. परदेशात कायदेशीर शिकारीला जाणारी आपली मुलं आता बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि शेवटी इथल्या शेतकरी भावांसाठीही थोडं.

आधी व्हिसा, मग गोळी

टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून हंटिंग लायसन्स लागत नाही. हे ऐकून एच-१बी वरची (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरची) मुलं निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेचा केंद्रीय कायदा वेगळा आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, नुसतं काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे राज्याला ते नको असलं तरी तुम्हाला हवं. ते खिशात असल्याशिवाय रेंजवर मित्राचं पिस्तूलसुद्धा हातात घेऊ नका.

ग्रेन म्हणजे दारूचं वजन नव्हे

वरणगावच्या कारखान्यात लष्करासाठी काडतुसं बनतात, त्यामुळे भुसावळकडच्या माणसाला गोळी आणि काडतूस यातला फरक शिकवावा लागत नाही. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळी केस, दारू पेटवणारी कॅप, दारू आणि टोकाला गोळी. डबीवर छापलेले ग्रेन हे फक्त त्या टोकावरच्या गोळीचं वजन असतं. किती दारू भरली आहे याचा त्या आकड्याशी संबंध नाही. "१५८ ग्रेन म्हणजे जास्त दारू, जास्त वेग" असं समजणारे मला रेंजवर आजही भेटतात. खरं तर एकाच बोअरमध्ये (नळीच्या व्यासात) गोळी जड झाली की वेग उतरतो.

जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्याला ग्रेन सहज कळेल. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा (आजचा १० ग्रॅमवाला नव्हे). तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा १५ ग्रेनांचा. १२५ ग्रेनची गोळी आठ माशांहून थोडी जास्त, १५८ ची साडेदहा माशांची. .४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची गोळी घेतली तर एक तोळा चार मासे शिसं झालं.

डबीवरच्या ताकदीवर भुलणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

गोळीची ऊर्जा काढताना वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही. त्यामुळे हलकी-वेगवान गोळी कागदावर नेहमी पैलवान दिसते. .३५७ मध्ये १२५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला १४५० फुटांनी निघते आणि तिची ऊर्जा भरते ५८३ फूट-पाउंड (हे ऊर्जेचं अमेरिकन माप). १५८ ग्रेनची निघते १२३५ ने, ऊर्जा ५३५. दुकानदार हेच दाखवत होता आणि नळीच्या तोंडाशी त्याचं बरोबरच होतं.

पण डुक्कर नळीच्या तोंडाशी उभं नसतं. ५० यार्डांवर (एक यार्ड म्हणजे तीन फूट) १२५ ची गोळी १२४० फुटांवर येते, ऊर्जा ४२७. १५८ ची ११०४ फुटांवर, ऊर्जा ४२८. सगळी आघाडी पन्नास यार्डांत संपली! १०० यार्डांवर तर हलकी ३३० वर आणि जड ३६१ वर. १८० ग्रेनची गोळी निघतानाच संथ, ११४५ फुटांची, पण ५० यार्डांवर तिच्याकडे ४४३ उरतात. हलकी गोळी हवेत वेग पटापट गमावते, जड गोळी तो धरून ठेवते. म्हणून डबीच्या मागचा तक्ता वाचताना पहिला रकाना सोडा आणि तुम्ही ज्या अंतरावरून बार टाकणार आहात तो वाचा. काही राज्यांत तर कायदाच तो रकाना विचारतो. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी हँडगनच्या काडतुसाला ५० यार्डांवर ५५० फूट-पाउंड लागतात. वरच्या तिन्हींपैकी एकही तिथे बसत नाही.

आणि ऊर्जा म्हणजे खोली नव्हे. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट, जाड कातडीचं चिलखत असतं, खाली हाड, आणि काळीज पुढच्या दोन पायांच्या मधे, बरंच खाली. तिथपर्यंत पोचायला गोळीला वजन लागतं आणि तिची बांधणी मजबूत लागते. १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी बहुतेक वेळा माणसापासून स्वसंरक्षणासाठी बनवलेली असते, लवकर फुलून लवकर थांबावी म्हणून. ती चिलखतातच फुलली तर जनावर जखमी होऊन झुडपात शिरतं, तिथे तासन् तास तडफडतं आणि शोधायला जाणाऱ्यावर उलटतं. मुक्या जिवाचे असे हाल होणार असतील तर घोडा दाबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून भाच्याला सांगितलं, १५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेली) घे, किंवा १८० ग्रेनची हार्ड कास्ट, म्हणजे शिशात अँटिमनी आणि कथील घालून कडक केलेली, सपाट टोकाची. गोल टोक मांस बाजूला सारत जातं, सपाट टोक भोक कापत जातं. एल्मर कीथ हा अमेरिकन शिकारी कित्येक वर्षं जड, सपाट टोकाच्या गोळ्यांचा आग्रह धरत होता आणि १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नममागे त्याचा रेटा होता. एक मात्र ध्यानात ठेवा, अशी गोळी आरपार जाते. जनावराच्या मागे मातीचा उतार नसेल, गुरं असतील, घर असेल, तर बार टाकायचा नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. "जड चांगली" म्हणून कोणी फुलणारी जड गोळी आखूड नळीतून टाकतो. दोन इंची नळीत वेग कधी सेकंदाला दोनशे फुटांनीही घटतो. पोकळ टोकाला फुलायला जेवढा वेग हवा तेवढा मिळाला नाही तर ते न फुलताच निघून जातं. त्यात रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गॅस निसटतो आणि ही फट प्रत्येक नगात वेगळी. डबीवरचा वेग कंपनीच्या चाचणीच्या नळीचा असतो. स्वतःचा जाणून घ्यायचा तर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून दहा बार मोजा.

गोळी बदलली की नेम हलतो

भाच्याने हिवाळाभर स्वस्त म्हणून हलक्या गोळीने सराव केला आणि शिकारीच्या दिवशी १५८ भरली. पहिलाच बार डुकराच्या पाठीवरून गेला. फोनवर म्हणाला, "मामा, जड गोळी खाली जायला हवी होती ना?" जवळच्या अंतरावर हँडगनमध्ये उलटं होतं. संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जातं, म्हणून ती वर लागते. ज्या गोळीने शिकार करणार, तिनेच साईट जुळवा आणि शेवटच्या महिन्याचा सराव तिनेच करा.

.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलने (त्यातच चालणाऱ्या, जरा आखूड काडतुसाने) सराव करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आखूड काडतुसाच्या पुढे चेंबरमध्ये (सिलिंडरच्या ज्या भोकात काडतूस बसतं तिथे) काजळीचं कडं साचतं आणि मग लांब मॅग्नम काडतूस शिरताना अडकतं किंवा रिकामी केस निघत नाही. आधी चेंबर ब्रशने घासा. तरीही केस अडकत असेल आणि कॅप चपटी झालेली दिसली, तर दाब जास्त होतोय. ती काडतुसं बाजूला ठेवा.

हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळ्या वापरत असाल तर ही तपासणी कराच: सहापैकी पाच बार टाका, सहावं काडतूस बाहेर काढून लांबी मोजा. धक्क्याने गोळी केसमधून पुढे सरकली असेल तर ती कधीतरी सिलिंडर अडवणार, आणि तेही समोर डुक्कर असताना.

कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडत असेल तर गोळी हवेत आडवी होतेय, म्हणजे तुमच्या नळीचे आटे तिला पुरेशी फिरकी देत नाहीत. दुसऱ्या वजनाची गोळी बघा. बार फुसका वाजला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर पुढचा बार चुकूनही टाकू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रिकामं करून नळीतून आरपार बघा. घोडा पडूनही बार झालाच नाही, तर नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबा, मगच सिलिंडर उघडा.

अंतराचं सोपं माप म्हणजे सहा इंची कागदी ताटली. उभं राहून, बसून, झाडाला टेकून, जसं रानात मिळेल तसं, सहाच्या सहा गोळ्या तिच्यात ज्या अंतरावरून बसतात तेवढीच तुमची मर्यादा. भाच्याची पस्तीस यार्ड भरली. धक्क्याने डोळे मिटत असतील तर मोठ्या बोअरच्या मागे लागू नका, छोट्यातच राहा.

आणि आपल्या शिवारात?

रावेर-यावलच्या सातपुडा पट्ट्यात रानडुकरं केळीची रोपं उकरतात, एका रात्रीत मका लोळवतात. चार महिन्यांची मेहनत सकाळी मातीत बघताना काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे ".३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, चालेल का?" असं कोणी विचारलं तर राग येत नाही. पण उत्तर नाही असंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे आणि स्वसंरक्षणासाठी मिळालेल्या परवान्यात ती बसत नाही. शिवाय .३२ ची सुमारे ९८ ग्रेनची गोळी सातशे फुटांच्या आसपास निघते, ऊर्जा जेमतेम १०७ फूट-पाउंड. भाच्याच्या गोळीकडे पन्नास यार्डांवर जे उरतं त्याचा हा चौथा हिस्सा. डुक्कर मरणार नाही, फक्त चवताळेल, आणि पहाटे पाणी भरायला निघालेला शेजारी समोर येईल.

तारेत घरची वीज सोडणं तर त्याहून वाईट, त्यात माणसं मेली आहेत. सौर कुंपणात झटका क्षणभराचा असतो, तेच लावा. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा मागा, आणि बागेला पाणी सोडण्याआधी खुरांच्या ठशांचे, उकरलेल्या रोपांचे फोटो काढा. ओल्या मातीत ठसे तासाभरात पुसले जातात.