अमुक युनिव्हर्सिटी तमुक कॉन्फरन्समध्ये गेली : ही बातमी वाचायची कशी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची बातमी वाचायला बसलात की आधी नकाशा मिटून ठेवा. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) पॅसिफिकच्या बाजूचं स्टॅनफर्ड आहे, बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये १६. नावावर आणि भूगोलावर विसंबलात तर डोकं फिरेल. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. पेशाने अकाउंट्सची बाई. खेळ मला बेताचाच कळतो. चौथ्या डाऊनला पंट करायला हवा होता की नको, यावर नवरा आणि त्याचे मित्र तासभर भांडू शकतात, मला त्यात गम्य नाही. पण कोण कुठल्या कॉन्फरन्समध्ये का गेलं, हे त्यांच्याआधी मला कळतं. कारण ती भानगड खेळाची नाहीच, कराराची आहे.

माझा भाचा पुण्याहून अ‍ॅरिझोना स्टेटला शिकायला आला आणि महिन्याभरात त्याने फोनवर विचारलं, ‘मावशी, आम्ही वाळवंटात, मग आमच्या कॉन्फरन्समध्ये पार पूर्वेकडचं वेस्ट व्हर्जिनिया काय करतंय?’ त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहिते. ज्यांची मुलं इकडे शिकतात आणि अंगात मरून नाहीतर नारिंगी जर्सी घालून फोटो पाठवतात, त्यांनाही उपयोग होईल.

कॉन्फरन्स म्हणजे आपापसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. पूर्वी तो बसने जाता येईल एवढ्या टापूतला असायचा. टीव्हीवर कोणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ही वरची संस्था ठरवायची. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. तेव्हापासून सामने विकायचा हक्क कॉलेजांकडे आणि त्यांच्या वतीने कॉन्फरन्सकडे आला. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

आधी तारीख शोधा

बातमीत सगळ्यात आधी बघायचं ते टीव्हीचा करार कधी संपतो. पैसा नंतर. जाणारं कॉलेज बहुतेक वेळा करार संपायच्या सुमारास जातं, कारण त्याआधी गेलं तर हातात काही राहत नाही. इथे ‘ग्रँट ऑफ राइट्स’ नावाचा कागद असतो. त्यावर सही केली म्हणजे तुमच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क अमुक वर्षापर्यंत कॉन्फरन्सच्या ताब्यात. तुम्ही उद्या उठून दुसरीकडे गेलात, तरी ते सामने जुनीच कॉन्फरन्स विकणार. मग तुम्हाला नवीन घरात कोण आणि कशासाठी घेईल?

टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी २०२१ च्या जुलैत बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीमध्ये (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) जायचं ठरवलं. बिग ट्वेल्व्हचा करार २०२५ पर्यंत होता. एक वर्ष आधी, २०२४ ला निघता यावं म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले. उलट लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन कॉलेजांनी ३० जून २०२२ ला बिग टेनमध्ये जायची घोषणा केली तेव्हा त्यांच्या जुन्या कॉन्फरन्सचा, पश्चिमेकडच्या पॅक-१२ चा, करार आपसूकच २०२४ मध्ये संपत होता. ते करार संपेपर्यंत थांबले आणि गेले. फरक एवढाच.

घोषणा उन्हाळ्यातच का होतात, असंही भाच्याने विचारलं होतं. बहुतेक कॉलेजांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, नोटिशीच्या मुदतीही त्याच सुमाराला येतात. आपल्याकडे ३१ मार्चला जी पळापळ असते, ती इथे जूनमध्ये.

मग भागाकार करा

मथळ्यातला मोठा आकडा कधीही तसाच्या तसा गिळू नका. त्याला आधी वर्षांनी भागा, मग सदस्यांनी. बिग टेनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या चॅनेलांशी सात वर्षांचा करार केला. छापून आलेला आकडा ७०० कोटी डॉलरच्या वर. वर्षाला १०० कोटी. यूएससी-यूसीएलए मिळून तेव्हाचे १६ संघ धरले तर प्रत्येकी सव्वासहा कोटी. ही सरासरी. असे करार चढत्या भाजणीचे असतात, पहिल्या वर्षी कमी आणि शेवटी जास्त, त्यामुळे पहिल्या चेकवर हा आकडा नसतो.

पुढचा प्रश्न : नवा सदस्य आला तर चॅनेल त्याच्या वाट्याचे पैसे वाढवून देणार, की आहे त्याच रकमेत तोंडं वाढणार? पैसे वाढवून द्यायचं कलम ज्याच्या करारात आहे तो बिनधास्त दारं उघडतो. ज्याच्यात नाही, तिथे नव्याला कमी वाट्यावर यावं लागतं. डॅलसच्या एसएमयूने एसीसीमध्ये शिरताना नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडून दिला. माजी विद्यार्थ्यांत तेलवाले आणि बिल्डर असले की हे परवडतं. बातमीत ‘पूर्ण सदस्य’ असं लिहिलेलं असलं, तरी वाटा पूर्ण आहे का, ते खालच्या परिच्छेदांत शोधायचं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते, कारण दोन्ही गोष्टी, तारीख आणि भागाकार, एकाच प्रकरणात बघायच्या तर पॅक-१२ सारखं उदाहरण नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात दोन मोठी नावं गेल्यावर पॅक-१२ मध्ये दहा कॉलेजं उरली होती आणि त्यांचा करार संपत आला होता. बिग ट्वेल्व्हचा करार त्यांच्या एक वर्ष नंतर संपणार होता. म्हणजे रांगेत पॅक-१२ पुढे. पण बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर, म्हणजे प्रमुख, ब्रेट यॉर्मार्क रांग मोडून आधीच ईएसपीएन (खेळांचं चॅनेल) आणि फॉक्सच्या दारात गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा वर्षांचा करार झाला : सुमारे २२८ कोटी डॉलर, म्हणजे १२ संघ धरून प्रत्येकी वर्षाला ३ कोटी १७ लाखांच्या आसपास. आकडा डोळे दिपवणारा नव्हता. पण सही झालेला होता, आणि चॅनेलांच्या थैलीतला काही भाग त्यात गेला.

पॅक-१२ महिनोन्‌महिने थांबलं. शेवटी २०२३ च्या ऑगस्टच्या तोंडावर हातात आला तो अ‍ॅपलचा प्रस्ताव. प्रत्येकी सुमारे २ कोटी ३० लाख, आणि पुढे सबस्क्रिप्शन किती विकली जातात त्यावर वाढ. सामने मुख्यतः स्ट्रीमिंगवर. अकाउंट्सवाल्याच्या नजरेने बघा : एका बाजूला खात्रीचे ३ कोटी १७ लाख, दुसऱ्या बाजूला २ कोटी ३० लाख अधिक आशा. कोलोरॅडो २७ जुलैलाच निघून गेलं होतं. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, तेही साधारण अर्ध्या वाट्यावर, ३ कोटींच्या आसपास. त्याच दिवशी अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. एका दिवसात पाच. म्हणून आमचा भाचा वेस्ट व्हर्जिनियाच्या पंगतीला. (त्याचं काही बिघडलं नाही म्हणा, पहिल्याच मोसमात, २०२४ ला, अ‍ॅरिझोना स्टेटने बिग ट्वेल्व्ह जिंकलं आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाच्या विजेतेपदाच्या बाद फेरीत, टेक्सासला दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत झुंजवलं. त्या रात्री त्याचा आवाज बसला होता.)

१ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत गेले, आणि शंभरेक वर्षांच्या कॉन्फरन्समध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच दोघे राहिले. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची, कॅलिफोर्निया विद्यापीठाची, दोन लेकरं, त्यामुळे तिथे आणखी एक गंमत झाली : यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं त्या विद्यापीठाच्या कारभारी मंडळाने (रीजंट) ठरवलं. घटस्फोटानंतरची पोटगीच ती.

घरं मोजताहेत की डोळे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कॉन्फरन्सला नवीन कॉलेज का हवं असतं, याचं उत्तर दहा वर्षांत पार बदललं.

बिग टेनने २००७ मध्ये फॉक्सबरोबर स्वतःचं चॅनेल काढलं. केबलचा हिशोब असा : चॅनेल बेसिक पॅकेजमध्ये असलं की बघा नाहीतर बघू नका, दर घरामागे महिन्याला पैसे मिळतात. आणि ज्या भागात कॉन्फरन्सचं कॉलेज आहे तिथे दर चढा, इतरत्र चिल्लर. आता रटगर्स युनिव्हर्सिटी घ्या, आमच्या शेजारी पिस्काटवेला. पहिला कॉलेज फुटबॉल सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाला आणि रटगर्सने ६-४ जिंकला, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. त्यानंतरच्या इतिहासाबद्दल जरा कमी बोलतात. तरीही बिग टेनने २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरिलँडला घेतलं. संघासाठी नव्हे. न्यू यॉर्क-न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन-बाल्टिमोरमधल्या लाखो केबल जोडण्यांसाठी.

सासूबाई सहा महिने राहायला यायच्या तेव्हा आम्ही झी मराठीसाठी जास्तीचे पैसे भरायचो, आणि त्याआधी बेसिक पॅकेज घेणं भाग असायचं. सासूबाईंनी जन्मात एक टचडाउन पाहिला नाही. पण बिग टेनला त्यांच्या नावाने दरमहा काहीतरी जातच होतं. अशा लाखो सासूबाईंच्या जिवावर ती कॉन्फरन्स श्रीमंत झाली.

मग लोकांनी केबल कापायला सुरुवात केली. २०११ च्या सुमारास ईएसपीएन जवळजवळ १० कोटी घरांत होतं, २०२३ पर्यंत सुमारे ७ कोटींवर आलं. न बघणारा माणूस पैसे देईनासा झाला. ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएन स्वतःचं अ‍ॅप थेट विकतं, सुरुवातीचा दर महिना २९.९९ डॉलर, आणि ते घेतो तो बघणाराच. म्हणून आता चॅनेल विचारतं, ‘तुझा सामना शनिवारी किती जण लावून बसतात?’ ओरेगन हे छोट्या युजीनमधलं कॉलेज, तिथे केबलची घरं किती असणार? पण त्यांचा सामना देशभर बघतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर आज नव्याने निवड झाली असती तर रटगर्सला कोणी घेतलं नसतं. नवऱ्यासमोर हे बोलत नाही.

एसीसीने तर हे कागदावरच आणलं. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी २०३६ पर्यंतच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली : टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग यापुढे ज्याचे सामने जास्त बघितले जातात त्याला, आणि बाहेर पडायचा दंड दरवर्षी उतरत जाऊन २०३०-३१ ला साडेसात कोटी डॉलरवर.

बाकीचे खर्चही लिहा

जमेची बाजू एवढी सांगितली, आता खर्च. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूसीएलए इथे पिस्काटवेला आलं आणि ३५-३२ जिंकलं. सामना दुपारी १२ चा, त्यांच्या घड्याळात सकाळचे ९. फुटबॉलचे सामने मोजकेच, विमान खास. पण कॉन्फरन्स बदलली की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकरच्या मुलींनाही तेच अंतर, आणि त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या वारी. तुमचं मूल स्कॉलरशिपवर यापैकी काही खेळणार असेल तर कॉन्फरन्सचा नकाशा तेवढ्यापुरता पुन्हा उघडा आणि प्रशिक्षकाला विचारा, मोसमात किती लेक्चर बुडतात.

शिवाय जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी मर्यादा प्रत्येक कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे बिग ट्वेल्व्हच्या त्या ३ कोटी १७ लाखांतले किती उरले ते बघा. टीव्हीचे पैसे वाढले म्हणजे फी कमी होईल, अशी आशा धरू नका. उलट सेमिस्टरच्या बिलात ट्यूशनच्या खाली ज्या फुटकळ फिया असतात, त्यांत खेळ विभागाचा वाटा आहे का ते कॉलेजच्या संकेतस्थळावर तपासा. सरकारी कॉलेजांना हे बहुधा दाखवावंच लागतं.

वहीत टाकून ठेवायच्या तारखा या : बिग टेनचा करार २०२९-३० च्या मोसमापर्यंत, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१, एसीसीचा दंड त्याच वर्षी तळाला, ईएसपीएनचा प्लेऑफचा करार २०३१-३२, आणि एसईसीचा २०३३-३४. पहिल्या तीन तारखा एकमेकींना किती चिकटून आहेत ते बघा. त्याच्या आधीच्या एक-दोन उन्हाळ्यांत ‘चर्चा सुरू’, ‘सूत्रांकडून समजते’ अशा बातम्या यायला लागतील. त्यात कॉलेजाचं नाव वाचायच्या आधी तीन गोष्टी शोधा : त्यांच्या सहीचा कागद कुठल्या वर्षापर्यंत आहे, येताना वाटा पूर्ण की अर्धा, आणि वाढीव पैसे चॅनेल देणार की जुने सदस्य. तिन्ही नसतील तर ती बातमी सोडून द्या, ती कुणाच्या तरी वकिलाने पेरलेली असते.