ब्लेड चेसिस अडली की आधी कुठे हात घालायचा?

ब्लेड म्हणजे सरकवून बसवायचा पातळ सर्व्हर, आणि चेसिस म्हणजे अशा ब्लेडची सामायिक पेटी. एकाच पेटीत सोळा सर्व्हर बसतात याचं कौतुक पेटी चालू असेपर्यंतच. अडली की बाहेरून काहीच कळत नाही, आणि घाबरलेला माणूस समोर दिसेल तो ब्लेड ओढून बाहेर काढतो. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे.

डेलची पॉवरएज एम१०००ई समोर धरून सांगतो. उंची १० यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), पुढे अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड, मागे ६ पॉवर सप्लाय, ९ पंखे, नेटवर्क मॉड्यूलचे ६ खाने आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा सीएमसी (चेसिस मॅनेजमेंट कंट्रोलर). दुसरा सीएमसीही बसवता येतो. इतर कंपन्यांच्या चेसिसमध्ये नावं बदलतात, विचार करायची पद्धत तीच राहते.

१. एक की सगळे?

हत्यार उचलण्याआधी एवढं शोधा. एकच ब्लेड रुसलाय, एका बाजूचं सगळं गेलंय, की अख्खी चेसिस? उदाहरणार्थ, सोळाही ब्लेडचे आयड्रॅक (ब्लेड दुरून सांभाळण्यासाठी त्याच्यातच असलेला छोटा कंट्रोलर) एकदम गायब झाले, पण वापरणाऱ्यांची एकही तक्रार नाही. अशा वेळी सोळा आयड्रॅक बिघडलेले नसतात. प्रत्येक ब्लेडचा आयड्रॅक सीएमसीच्या पोर्टमधूनच बाहेर पडतो, तर सर्व्हरचं रोजचं काम मागच्या नेटवर्क मॉड्यूलमधून जातं. म्हणजे पाहायची आहे ती सीएमसीची एक केबल.

२. वीज

आधी भिंत, मग चेसिस. एमसीबी पडलाय का, यूपीएसवर भार किती आहे, मागच्या जाड केबल पूर्ण आत बसल्यात का, हे बघा. २७०० वॉटचा सप्लाय २३० व्होल्टवर पूर्ण भाराला १२ ते १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको. वायरिंगमध्ये शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग सप्लायवरचे दिवे पाहा. एक बाहेरून वीज आल्याचं सांगतो, दुसरा आत डीसी पुरवठा चालू असल्याचं, तिसरा बिघाडाचा. पहिलाच विझलेला असेल तर दोष केबल किंवा सॉकेटमध्ये शोधा. सीएमसीच्या वेब पानावर एखादा सप्लाय ‘स्टँडबाय’ दिसला तर लगेच बदलायला धावू नका. गरज कमी असताना चेसिस काही सप्लाय मुद्दाम बाजूला ठेवते, आणि ती सोय कुणीतरी चालू केलेली असू शकते.

ग्रिड रिडंडन्सी (एक वीज लाइन गेली तरी दुसरीवर चेसिस चालू राहावी ही सोय) निवडली असेल तर १ ते ३ क्रमांकाचे सप्लाय एका लाइनवर आणि ४ ते ६ दुसरीवर हवेत. सेटिंग बरोबर आणि सहाही केबल मात्र एकाच यूपीएसवर, असला प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय. पानावर सगळं हिरवं दिसतं, आणि यूपीएस बसला की सगळंच बसतं.

एकच ब्लेड चालू होत नसेल तर सीएमसीच्या नोंदी वाचा. ब्लेडला वीज घेण्याआधी सीएमसीची परवानगी लागते. वीज शिल्लक नसेल, किंवा कुणी कमाल विजेची मर्यादा फार खाली ठेवली असेल, तर परवानगी नाकारली जाते. ब्लेडमधलं मेझनाइन कार्ड (जादा पोर्टसाठी आत बसवलेलं कार्ड) आणि मागचं मॉड्यूल एका जातीचे नसतील तरीही तेच होतं. नव्याने बसवलेल्या ब्लेडचा आयड्रॅक जागा व्हायला वेळ लागतो, तेवढा द्या. या सगळ्यातून काही निघालं नाही तरच ब्लेड काढून परत बसवा. बसवताना आतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे टॉर्च मारून पाहा. जोर लावू नका.

३. सीएमसीपर्यंत पोचता येत नाही

सीएमसीवर दोन नेटवर्क पोर्ट असतात, जीबी आणि एसटीके. ऑफिसच्या नेटवर्कची केबल जीबीमध्ये लावायची. एसटीके हा एका चेसिसला दुसरी जोडण्यासाठी आहे. ‘जोडी असली तर बरी’ म्हणून एकाने दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खुपसल्या होत्या. ब्रॉडकास्टचं वादळ उठलं, म्हणजे तेच संदेश नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत राहिले, आणि अर्धा मजला बंद पडला. म्हणून या केबल मी नेहमी हाताने चाचपून बघतो, लेबलवर भरवसा ठेवत नाही.

सीएमसीचा कंपनीतून येतानाचा आयपी पत्ता १९२.१६८.०.१२० असतो. मूळ सेटिंगवर रीसेट झालेला सीएमसी याच पत्त्यावर परततो आणि मग दुसऱ्याच यंत्राशी टक्कर होऊ शकते. पिंग होतं पण ब्राउझर पान उघडत नाही, असं झालं तर जुनं फर्मवेअर (सीएमसीच्या आतलं सॉफ्टवेअर) हा मोठा संशयित. आजचे ब्राउझर टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, जुन्या आवृत्त्या नाकारतात. एसएसएचने, म्हणजे कमांड लाइनवरून, आत शिरून पाहा.

तेही नाही जमलं तर सीरियल केबल लावा: ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही. इथून पत्ता तपासता येतो आणि सीएमसी नव्याने सुरू करता येतो. चालू ब्लेड त्याने बंद पडत नाहीत. सीएमसी उपसून काढलात तर मात्र पंखे पूर्ण वेगाने किंचाळू लागतात, आणि बंद असलेला ब्लेड चालू करायला परवानगी देणारा कुणी उरत नाही.

४. ब्लेड चालू, नेटवर्क नाही

इथे भले भले फसतात. ब्लेडचा पहिला नेटवर्क पोर्ट ए१ खान्यातल्या मॉड्यूलला जातो, दुसरा ए२ ला. ही जोडणी चेसिसच्या आतल्या मिडप्लेनवरच (मधल्या सर्किट बोर्डावरच) आहे, मध्ये केबल नाही. त्यामुळे स्विचची बाहेरची केबल तुटली तरी ब्लेडला आपली लिंक जिवंतच दिसते. ऑपरेटिंग सिस्टीममधलं टीमिंग (दोन पोर्टची जोडी बांधणारी सोय) लिंक पडायची वाट बघत राहतं, दुसऱ्या पोर्टवर जात नाही, आणि डेटा खड्ड्यात जातो. एम६२२० सारख्या स्विचमध्ये यासाठी लिंक डिपेंडन्सी नावाची सोय आहे: बाहेरची लिंक गेली की आतले पोर्टही पाडायचे. ती आधी चालू करा.

मग व्हीएलएएन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) दोन्ही स्विचवर सारखेच आहेत का, ते जुळवा. ए१ वर जोडलेला आणि ए२ वर राहून गेलेला व्हीएलएएन फेलओव्हर होईपर्यंत, म्हणजे काम दुसऱ्या पोर्टवर जाईपर्यंत, तोंड दाखवत नाही. स्विचऐवजी पास-थ्रू मॉड्यूल असेल तर सोपं आहे. तिथे ब्लेडच्या प्रत्येक पोर्टला बाहेर स्वतःची केबल असते. पाचव्या ब्लेडची तक्रार असेल तर पाचवी केबल बदलून पाहायची, झालं.