ॲल्युमिनियमची नॅनोपावडर: आर्कमध्ये नव्हे, आर्कनंतर होणाऱ्या या चुका टाळा

प्लाझ्माने, म्हणजे विजेने तापवलेल्या वायूने, नॅनोपावडर (नॅनोमीटरमध्ये मोजायच्या कणांची भुकटी) करायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आर्ककडे, म्हणजे धातूची वाफ करणाऱ्या विजेच्या झोताकडे. वास्तविक धातूची वाफ करणं हा यातला सोपा भाग. ॲल्युमिनियम साधारण 2500 अंश सेल्सिअसला उकळतं आणि आर्कचा गाभा 10,000 अंशांच्या आसपास असतो. पावडर बिघडते ती वाफ थंड होताना, नाहीतर चेंबर उघडताना.

कण मोठे आले की लोक करंट वाढवतात. त्याने वाफ आणखी दाट होते आणि कण एकमेकांना चिकटून अजून फुगतात. करंट उतरवा, चेंबरमधला दाब कमी करा, किंवा थंड आर्गॉनचा (या निष्क्रिय वायूचा) झोत वाफेच्या वाटेत सोडा.

आर्क जिथून निघतो त्या टंगस्टनच्या इलेक्ट्रोडचं टोक लवकर खराब होत असेल तर आधी गळती शोधा. हवेइतकाच संशय थंड पाण्याच्या जोडांवरही घ्या. हवा काढून आर्गॉन भरणं एकदा करून भागत नाही, पुन्हा करा. ग्रॅफाइटची मूस स्वस्त पडते खरी, पण तिच्यात ॲल्युमिनियमचं कार्बाइड होतं आणि ते ओलाव्यात मिथेन सोडतं. पाण्याने थंड केलेली तांब्याची बैठक बरी.

सगळ्यात महागात पडते ती घाई. ताज्या कणांवर ऑक्साइडचं कवच नसतं. झाकण एकदम उघडलं तर पावडर तिथेच पेट घेऊ शकते. चेंबर पूर्ण थंड होऊ द्या, मग आर्गॉनमध्ये अगदी थोडी कोरडी हवा मिसळून ती हळूहळू आत सोडा. तापमान चढायला लागलं की हवा बंद. यात काही तास जातात, जाऊ द्यावेत.

या कवचाचा हिशेब मात्र बरेचजण विसरतात. ते 3 नॅनोमीटर जाड धरलं, तर 20 नॅनोमीटरच्या कणात धातू आकारमानाने जेमतेम 34 टक्के उरतो. 100 नॅनोमीटरच्या कणात 83 टक्के. इंधनासाठी पावडर हवी असेल, म्हणजे जळायला धातूच हवा असेल, तर 'जितकी बारीक तितकी चांगली' हा हट्ट माझ्या मते चुकीचाच आहे.

एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याच्या पद्धतीचा) आकडा कणाचा आकार म्हणून छापू नका, तो स्फटिकाचा असतो. पृष्ठफळ मोजून ताळा घ्या: ग्रॅमला 30 चौरस मीटर आलं तर सरासरी व्यास सुमारे 74 नॅनोमीटर.

आणि पावडर पेटलीच तर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडही नको. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर हलक्या हाताने टाका. जोरात मारली तर धूळ उडून भडका होतो.