नजर कमी होत चाललीय? राजीनामा नंतर, ही कामं आधी: पुण्यातल्यांसाठी क्रमवार माहिती

चाळिशी-पंचेचाळिशीत काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू वाढणारा आजार) निघाला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "अजून एका डॉक्टरला दाखवू" आणि "आता नोकरी कशी जमणार?" पहिल्या वाक्यात काही वावगं नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र घाबरलेल्या मनाने देऊ नका. उपचार चालू ठेवूनच खालची कामं याच क्रमाने करत जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या बहुतेक खिडक्यांवर आधीचा कागद मागतात.

१. आधी फाइल नीट लावा

नेत्रतज्ज्ञांकडून दोन रिपोर्ट लेखी घ्या. एक, चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची नजर. दुसरा, दृष्टिक्षेत्राचा (समोर पाहताना आजूबाजूचं किती दिसतं याचा), म्हणजे फील्ड टेस्टचा. हा दुसरा बरेच जण नेतच नाहीत. रेटिनायटिस आणि काचबिंदू या दोन्हींत समोरचा तक्ता बऱ्यापैकी वाचता येतो. पण बाजूचं दिसत नाही, जिन्याची पायरी चुकते, अंधार पडला की चालणं अवघड होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात दोन्ही गोष्टी धरल्या आहेत. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ३/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. नजर ६/१८ ते ३/६० किंवा क्षेत्र ४० ते १० अंश असेल तर अल्पदृष्टी. फील्ड टेस्ट नसेल तर तुमची खरी अडचण कागदावर उमटतच नाही.

२. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. पुढे तपासणीचं रुग्णालय निवडायचं असतं. शहरात ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीकडच्यांना वायसीएम सोयीचं. तपासणीला सकाळी लवकर जा, सोबत कोणाला तरी घ्या आणि मूळ कागदांबरोबर झेरॉक्सचे दोन संच ठेवा. ससूनचा आवार मोठा आहे. कोणत्या इमारतीत जायचं ते गेटवरच विचारून घेतलं तर अर्धी दमछाक वाचते.

कार्ड आल्यावर पट्टीचा रंग पाहा. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरा, ४० ते ८० पिवळा, त्यापुढे निळा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा धड असेल, तर ३० टक्केच मिळतात. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसा आहे. दिव्यांग प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. तेव्हा फील्ड टेस्टचा कागद पुन्हा कामी येतो.

३. कचेरीत बोलणं, तेही लेखी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम २०(४) सरकारी आस्थापनांतल्या प्रत्येकाने वाचावं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. म्हणूनच "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, तुमचंच भलं होईल" असा आपुलकीचा सल्ला कोणी दिला तर चहा प्या, अर्ज देऊ नका. अर्ज एकदा मंजूर झाला की हे संरक्षण मागणं फार अवघड होऊन बसतं.

खाजगी कंपनीत एवढी खात्री नाही. पण समान संधी धोरण करणं प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी देणार हे त्या धोरणात लिहावं लागतं. एचआरकडे ते धोरण मागा. अनेकदा तिथल्यांनीही ते त्याच दिवशी पहिल्यांदा उघडलेलं असतं.

पत्रात आजाराची कहाणी नको. काय लागतं तेवढंच लिहा: "माझ्या संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवण्याची परवानगी मिळावी. स्कॅन केलेल्या कागदांऐवजी मजकूर निवडता येईल अशी फाइल मिळावी. रात्री दिसत नसल्याने दिवसपाळी मिळावी." पोच घ्या. उत्तर आलं नाही किंवा उलट त्रास सुरू झाला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते कार्यालय पुण्यातच आहे. नागपूर-लातूरच्या माणसाला जो प्रवास करावा लागतो तो तुम्हाला नाही.

४. थोडं दिसतंय तोवर शिकून घ्या

माझं स्पष्ट मत असं की पांढरी काठी आणि स्क्रीन रीडर, दोन्ही "गरज पडेल तेव्हा" म्हणून पुढे ढकलू नयेत. थोडी नजर शाबूत असताना कीबोर्डच्या कळा आणि रस्ते दोन्ही लवकर बसतात.

संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक आहे, आठवड्याभरात कान सरावतो. ॲण्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचं. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप आहे. शिवाय नव्या नोटांच्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच. दोनशेला चार रेघांमध्ये दोन वर्तुळं. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, म्हणून लांबीचाही अंदाज बोटांना लावा: शंभरची १४२ मिलिमीटर, पाचशेची १५०.

काठी दुकानातून आणली म्हणजे झालं असं नाही. ती पावलांच्या लयीत कशी फिरवायची, रस्ता ओलांडताना वाहनांच्या आवाजावरून दिशा कशी धरायची, हे माणसाकडूनच शिकावं लागतं. चौकशी कुठे करायची? पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन ही १९५२ पासूनची संस्था. महंमदवाडीचं देसाई नेत्ररुग्णालय तिचंच. विश्रांतवाडीची निवांत संस्था शाळेनंतर पुढे शिकणाऱ्या अंध तरुणांसाठी ओळखली जाते. कोरेगाव पार्क आणि कोथरूडच्या अंध शाळांकडेही लोक मोठ्या माणसांना पाठवतात, पण त्या मुलामुलींसाठी आहेत. वाचनासाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. नोंदणी करताना दिव्यांग प्रमाणपत्र लागतं.

सराव घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सुरू करा, मग बसथांबा, मग मेट्रो. फुटपाथवरची पिवळी उंचवट्यांची पट्टी आपल्याकडे मध्येच गाडीखाली किंवा स्टॉलखाली गडप होते, तिच्या भरवशावर राहू नका. मेट्रोत घोषणा होतात. पीएमपीत कंडक्टरला चढतानाच थांबा सांगून ठेवा आणि दोन थांबे आधी आठवण करा.

५. पैशांची आणि प्रवासाची कामं

ही भराभर उरकता येतात. एसटीत ४० टक्क्यांपासून भाड्यात ७५ टक्के सूट, आणि ६५ टक्क्यांच्या वर असाल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेची सवलत मात्र पूर्ण अंधत्व असलेल्यांनाच. तिचं वेगळं ओळखपत्र रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवरून काढायचं. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची वजावट मिळते; नवी पद्धत निवडली असेल तर ती मिळत नाही, म्हणून निवडीआधी दोन्ही आकडे मांडून पाहा. पीएमपीचा पास आणि महापालिकेच्या दिव्यांग योजनांची चौकशी पालिकेत करा. मिळकत अगदीच तुटपुंजी असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय.

बँकेत एखादा कर्मचारी म्हणेल, "यांना चेकबुक देता येणार नाही, जॉइंट खातं करा." ते मान्य करू नका. चेकबुक, एटीएम, लॉकर, नेटबँकिंग या सोयी दृष्टिहीन ग्राहकालाही द्यायच्या, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना कळवलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत फोनमध्ये ठेवा आणि शाखा व्यवस्थापकाला दाखवा.

नोकरीतली खात्यांतर्गत परीक्षा किंवा स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर फॉर्म भरतानाच लेखनिक आणि जादा वेळ मागा. तासाला किमान २० मिनिटं मिळतात. सरकारी भरतीत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी असतात, त्यातली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. जाहिरातीत कोणतं पद या गटासाठी योग्य ठरवलंय तो रकाना आधी वाचा आणि मगच फी भरा.