अल्पाइन रोपं थंडीने नाही, ओलीने मरतात

उंच डोंगरावरची ही बुटकी रोपं बर्फ सोसतात, पण बुंध्याशी साचलेलं पाणी त्यांना चालत नाही. म्हणून पसरट कुंडीत निम्मी माती आणि निम्मी बारीक खडी घाला. खताचा मोह नको. फार पोसलेलं रोप लुसलुशीत होऊन पसरतं आणि त्याचा गादीसारखा घट्ट आकार जातो. लावून झालं की पानांखाली, बुंध्याभोवती दोनेक सेंटिमीटर खडी सरकवा. सॅक्सिफ्रागा या अल्पाइन रोपाची पानं मग ओल्या मातीला टेकून कुजत नाहीत. आणि कुंडी जमिनीवर कशाला? टेबलाच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वसंतात नखाएवढ्या फुलांच्या पाकळ्यांवरचे ठिपकेसुद्धा न वाकता दिसतात. ऑब्रिएटा हे पसरणारं अल्पाइन रोप मात्र फुलं सरताच बिनधास्त छाटा, नाहीतर मधोमध टक्कल पडतं.