कॅरिबियनमध्ये महिनोन्‌महिने नांगरलेली शिडाची बोट हलवण्याआधी

नागपुरात मार्चमध्ये कूलर बाहेर काढला की कोणी थेट बटण दाबत नाही. आधी पंपाच्या जाळीतला पांढरा क्षार खरवडायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकी गळते का ते बघायचं. ग्रेनाडाच्या खाडीत जून ते नोव्हेंबर, म्हणजे चक्रीवादळांचा अख्खा हंगाम, उभ्या राहिलेल्या बोटीचंही तसंच. फक्त तिथला क्षार जिवंत असतो. त्यामुळे इकडून विमानाने जाऊन तिसऱ्या दिवशी शीड उघडायचा बेत करूच नका. दहा दिवस हाताशी ठेवा.

सुरुवात पाण्याखालून करा. इंजिनची किल्ली काढून खिशात टाका, मगच खाली उतरा. हातमोजे हवेतच, बार्नकलने, म्हणजे बुडाला चिकटून वाढणाऱ्या कडक कवचाच्या जीवांनी, कापलेली जखम त्या उबदार पाण्यात लवकर चिघळते. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांवर बार्नकल चढलेले असतील तर इंजिन गुरगुरतं, काळा धूर टाकतं आणि बोट जागची हलत नाही. पात्यांवर लोखंडी पत्रा चालेल, पण बुडाच्या तांबेयुक्त रंगावर गालिच्याचा तुकडाच फिरवा, नाहीतर शेवाळाबरोबर रंगही जाईल. धातूचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर नवा लावा. इंजिनला थंड पाणी देणारं भोक स्क्रू-ड्रायव्हरने आतपर्यंत टोकरा. बाहेरून साफ दिसलं तरी वाकणाऱ्या नळीत बार्नकल तसेच राहतात.

मग पाण्याच्या पंपाचं झाकण उघडा. रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, महिनोन्‌महिने एकाच जागी दबून राहिला की त्याची पाती वाकलेलीच राहतात, कधी तुटतात. पाती मोजा. एखादं कमी असेल तर नवा इम्पेलर बसवून भागत नाही. तुटलेला तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या भागात, अडकलेला असतो, तो शोधून काढावाच लागतो.

डिझेलमध्ये खरी फसगत असते. टाकीत दमटपणाचं पाणी तळाशी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा तपकिरी लगदा वाढतो. शांत खाडीत तो तळाशी निवांत पडून असतो. बाहेर लाटांनी टाकी घुसळली की वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं खडकांमधल्या अरुंद वाटेत बंद पडतं. म्हणून हातपंपाने टाकीच्या तळातून डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा थर किंवा चिखल दिसला तर टाकी धुवूनच निघा. सहा तरी जादा फिल्टर सोबत असू द्या, आणि फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याचा सराव खाडीतच करून घ्या.

नांगराच्या साखळीचं काम निघायच्या दोन दिवस आधी. पाण्यात लोंबणाऱ्या भागाला दाढी फुटलेली असते, ती नुसती घाण. वाळूवर घासणारा भाग मात्र लख्ख दिसतो आणि तोच जास्त झिजलेला असतो. जाडी मोजायला व्हर्नियर लावा: 10 मिमीची कडी 9 मिमीच्या खाली गेली असेल तर ती साखळी बदला. नांगर साखळीला जोडणाऱ्या कडीची (शॅकलची) पिन तारेने बांधलेली आहे ना, तेही बघा. उचलताना बोट इंजिनने हळूहळू पुढे न्यायची. विंडलासने, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राने, फक्त ढिली साखळी ओढायची, बोट नाही. प्रत्येक मीटर घासून धुऊनच आत घ्या, नाहीतर दोन दिवसांत केबिनभर सुक्या बोंबलाचा वास.

डोलकाठीच्या तारांच्या खालच्या टोकांवरून भिंग फिरवा, तिथे केसासारखी चीर दिसते. तुटलेली एक बारीक तारसुद्धा चिंध्यांचा बोळा फिरवला की अडकते. बुडातल्या सगळ्या झडपा उघडून-मिटून बघा. तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता खटका) हाताने उचला. आवाज आला पाहिजे.

यानंतर नांगरावरच बोट मागे ओढत इंजिन वीस मिनिटं चालवा. एक्झॉस्टमधून पाणी धो धो आलं पाहिजे आणि तापमानाचा काटा स्थिर राहिला पाहिजे. मग अर्ध्या दिवसाचीच फेरी मारा, शेजारच्या खाडीपर्यंत. तिथे यादीत आणखी पाच-सात कामं वाढतातच.

कस्टम्स आणि इमिग्रेशनची निघण्याची परवानगी शेवटी घ्या, कारण पुढचा देश ती मागतो. उत्तरेला ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाकडे जाताना किक-एम-जेनी हा पाण्याखालचा ज्वालामुखी वाटेत आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटर अंतर कायम राखायचं. इशाऱ्याची पातळी वाढली की पाच. निघायच्या सकाळी ती पातळी बघून मगच नकाशावर रेघ मारा.