मोहल्ल्यातला दवाखाना बांधताना या चुका टाळा

इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत दवाखान्यासाठी जागा बघायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, "इथे कशाला? बायपासजवळ मोकळा प्लॉट आहे ना!" पहिली चूक हीच. तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन तिथवर कोण जाणार? शिवाय दवाखाना आला की समोर मेडिकल उघडतं, शेजारी चहावाला, नारळाची गाडी. सुनी पडलेली गल्ली हलायला लागते. ती रहदारी बायपासला का द्यायची?

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१७-१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा अहवाल केला, तो प्लेगचा काळ. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. मोडकळीला आलेली चार-दोन घरं तेवढी काढून दाटीत उजेड-वारा आणायचा, ही त्यांची रीत. आजही पडका वाडा किंवा बंद शाळेच्या खोल्या आधी बघा. तुळया आणि भिंती मात्र तपासून घ्या.

आता रॅम्प. यात आम्ही स्वतः तोंडघशी पडलोय. पावसाचं पाणी आत शिरायला नको म्हणून जोतं ६० सेंटीमीटर उचललं. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे लांबी ७.२ मीटर, आणि गल्लीकडे जागा होती जेमतेम ३ मीटर. मग केला तसाच, घसरगुंडीसारखा. पहिल्याच आठवड्यात एका आजींची व्हीलचेअर दोघांनी उचलून वर नेली. तेव्हा जोत्याची उंची ठरवण्याआधी रॅम्प मोजा. जोतं ३० सेंटीमीटरवर भागत असेल तर ३.६ मीटर पुरतात. पाण्याचा बंदोबस्त नालीत करा, जोत्यात नको. उंची हवीच असेल तर रॅम्पला अध्येमध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन तो वळवा.

एसी लावलेला बंद वेटिंग हॉल दिसायला छान, पण टीबीचा खोकणारा रुग्ण आणि गरोदर बाई तिथे एकच हवा घेतात. समोरासमोर खिडक्या ठेवा. त्याहून बरं, बसायची सोय बाहेर ओटल्यावर, छपराखाली करा. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याच्या गार रात्री, हे नाव नुसतं मिरवायचं का?

ओटल्याची अक्कल इंदूरच्या सराफा बाजाराकडून घ्यावी. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्याच ओटल्यांसमोर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस. दवाखान्याचा ओटलाही सकाळी योगासनांना, दुपारी महिला आरोग्य समितीच्या बैठकीला देता येतो. त्यासाठी आतल्या खोल्यांचं कुलूप वेगळं हवं आणि बाहेरून जाता येईल असं संडास-बाथरूम हवं. नकाशात हे सुरुवातीलाच धरा, नंतर जमत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याची खोली मागच्या दाराला, गाडी पोचेल अशी. ओटल्याच्या बाजूला अजिबात नको.

बांधून झालाय आणि लोक फिरकत नाहीत? आधी वेळ बघा. सकाळी नऊ ते दुपारी दोन उघडा ठेवलात तर रोजंदारीवरचा माणूस येणार कधी? शहरी आरोग्य केंद्रं संध्याकाळीही चालावीत, हे सरकारी मार्गदर्शनातच आहे. मग कंपाउंडची भिंत: समोरची बाजू कमरेइतकी उतरवा, दिवा लावा. आणि बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी रस्त्याकडे वेगळी खिडकी काढा. आमच्याकडे ती काढल्यावर आतली रांग निम्मी झाली, आणि नारळवाल्यानं गाडी बरोबर खिडकीसमोर आणून लावली.